दुचाकीचे पुढचे पाय : त्यांची स्वच्छता आणि निगा



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत आपण वेदान्त ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, इतिहासातील वाद ऐकता. अशा पंगतीत मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कला पान वाढलेले पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु व्याख्यान संपवून आपण बाहेर पडाल, तेव्हा आपल्यापैकी कितीजण दुचाकीवर बसून घरी जाणार आहेत, याचा विचार करावा. त्यांतील बऱ्याच गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या असतील, काही त्याहूनही जुन्या. त्या गाडीवर कोणी दुधाचे कॅन लावतो, कोणी पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधतो, कोणी मागे पत्नीला आणि पुढे मुलाला घेतो. या सर्वांचा भार ज्या दोन नळ्यांवर पडतो, त्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षे पाहत नाही. म्हणून हा विषय सभेपुढे मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. हँडलखालून निघून पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस उतरणारे जे दोन पाय, त्यांना फोर्क म्हणतात. आपल्याकडील कारागीर त्यांना सरसकट 'शॉकअप' म्हणतो. प्रत्येक पायात एक चकचकीत आतली नळी असते. तिला तो 'पाइप' म्हणतो. ही नळी बाहेरच्या नळकांड्यात वरखाली सरकते. आत एक लांब स्प्रिंग, एक भोके पाडलेला पोकळ दांडा आणि शंभर ते दोनशे मिलिलिटरच्या घरात तेल, एवढाच काय तो संसार. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या जशा एकीत एक सरकतात तशी ही रचना असते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याने १९३५ साली आपल्या आर-१२ या गाडीला तेलाने वेग आवरणारा असा फोर्क बसविला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर रूढ झाला. आपल्याकडे १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया निघाली, १९६१ पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागली व पुढे १९७३ पासून तीच येझदी या नावाने धावू लागली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० या गाड्या आल्या आणि मध्यमवर्गीयांच्या घरांत मोटरसायकल शिरली. आज आम्ही जे सांगणार आहोत ते मुख्यतः या शेवटच्या पिढीतील शंभर सीसीच्या गाड्यांना धरून आहे. बुलेट आणि येझदी यांच्या पोटातील जोडणी काहीशी निराळी आहे. तत्त्व मात्र एकच.

ते तत्त्व समजावयास पिचकारी पुरेशी आहे. रंगपंचमीला मुले पिचकारी मारतात. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज निघते. जोराने दाबू गेले तर हाताला विरोध जाणवतो. लहान भोकातून द्रव जितक्या वेगाने ढकलावा तितका विरोध वाढतो, आणि तोही साध्या प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर विरोध सुमारे चौपट होतो. फोर्कमधील तेल हेच काम करते. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग गिळते. परंतु गिळलेला धक्का ती परत टाकू पाहते. तेल नसेल तर चाक चेंडूसारखे उसळत राहील. उसळी मारू पाहणाऱ्या स्प्रिंगला भोकांतून तेल ढकलावयास लावणे आणि त्या खटाटोपात तिचा जोर जिरवून टाकणे, हे त्या पेलाभर तेलाचे कार्य होय.

येथे कोणी म्हणेल, "थोडे हादरे बसले तर बसले. आम्ही काही राजेरजवाडे नाही." हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. फोर्क हा बसणाराच्या सुखासाठी आहे, असे आपण मानतो. सुख हा त्याचा दुय्यम लाभ होय. त्याचे पहिले कर्तव्य टायर रस्त्यावर दाबून धरणे हे आहे. थोडा हिशेब करून पाहू. गाडी आणि स्वार मिळून वजन २०० किलो धरा. उभ्या स्थितीत त्यांपैकी सुमारे ९० किलो पुढच्या चाकावर असते. आता बऱ्यापैकी जोराने ब्रेक लावला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या बळाने गाडी आवरली, असे समजा. भाराचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि दोन चाकांतील अंतर १२५ सेंटिमीटर असेल, तर ४८ किलो भार मागून पुढे सरकतो. नव्वदाचे एकशे अडतीस झाले! ज्या क्षणी रस्त्यात गाय आडवी येते किंवा मूल धावते, त्या क्षणी आपला जीव पुढच्या चाकाच्या हाती असतो. आणि ते चाक त्याच वेळी उसळ्या मारीत असेल, तर जेवढा वेळ ते हलके होते तेवढा वेळ ब्रेक दाबूनही उपयोग नाही.

मग इतक्या महत्त्वाच्या अवयवाकडे आपले दुर्लक्ष का होते? आमच्या मते कारण आळस हे नव्हे. पंक्चर झाले तर तत्काळ कळते; दिवा गेला तर त्याच रात्री कळते. फोर्कचे तेल मात्र महिन्यामहिन्याने पातळ होते, स्प्रिंग केसाकेसाने बसते, आणि चालविणारा त्याच संथ गतीने आपले हात त्याला जुळवून घेतो. आज गाडी कालच्याइतकीच चांगली वाटते. उद्याही आजच्याइतकीच वाटेल. दोष अंगवळणी पडतो आणि अंगवळणी पडलेला दोष दोष वाटत नाही. एखाद्या दिवशी मित्राने ती गाडी चालवून "अरे, हिचे पुढे काहीतरी बिघडले आहे" असे म्हटले, म्हणजे मालकालाच राग येतो! सबब, या बाबतीत आपल्या अनुभवावर विसंबून चालत नाही. ठरल्या वेळी गाडी तपासावी, आणि तपासताना चार पायऱ्यांचा क्रम सोडू नये : आधी पाहावे, मग पुसावे, मग मोजावे, आणि त्यानंतरच बदलावे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. तेल गळाले की सील बदलतात. महिन्याने पुन्हा गळाले की दुकानदाराला शिव्या देतात.

पहिली पायरी पाहण्याची. गाडी स्टँडवरून खाली घ्यावी, पुढचा ब्रेक धरावा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून ते दाबून सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. ती दोन-तीन वेळा डुलली तर तेल दमले किंवा कमी झाले असे समजावे. दाबताना 'खट्' असा आवाज आला, किंवा कोठे अडखळल्यासारखे झाले, तर नळी वाकल्याची शंका घ्यावी. मग चकचकीत नळीवर बोट फिरवावे. कोरडी धूळ असली तर चिंता नाही. तेलकट, काळे कडे उमटले असेल तर सील तेल सोडीत आहे. या वेळी नजर आणखी खाली न्यावी. गळालेले तेल नळकांड्यावरून ओघळत चाकाकडे जाते, आणि तेथे ब्रेक असतो! लायनरला किंवा डिस्कच्या पॅडला तेल लागले, की तो ब्रेक ऐन वेळी दगा देतो. ओलावा ब्रेकपर्यंत पोहोचला असेल तर गाडी चालवू नये; दुरुस्तीनंतरच बाहेर काढावी.

येथेच एका घोटाळ्याचा उलगडा करावा. हँडलच्या मानेतील कोनसेट सैल झाला, तरी ब्रेक लावताना खटखट होते आणि बिचाऱ्या फोर्कवर आळ येतो. पुढचे चाक अधांतरी करून फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावे आणि दुसऱ्या माणसाने मानेवर बोट ठेवावे. हालचाल मानेत जाणवली तर दोष कोनसेटचा. आतली नळी बाहेरच्या नळकांड्यात हलत असेल तर दोष फोर्कचा. दोन मिनिटांच्या या परीक्षेने पुष्कळ खर्च वाचतो.

दुसरी पायरी पुसण्याची. आणि आमच्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. सील म्हणजे रबराची एक नाजूक कडा. ती नळीला चोवीस तास चिकटून असते आणि नळी तिच्यातून दिवसाकाठी हजारो वेळा सरकते. नळीवर चिखल वाळला, किडे चिकटले, तर प्रत्येक दचक्यासरशी त्याचा कण त्या कडेखाली ओढला जातो. एक कण शिरला की रबर तेवढ्या जागी उचलले जाते आणि तेल वाट काढते. अशा वेळी सील झिजलेले नसते, नुसते मळलेले असते! त्यावर उपाय असा : वरचे धूळरोधक टोपण बोथट साधनाने हळूच वर उचलावे, खालची माती मऊ चिंधीने पुसून काढावी, आणि जुन्या छायाचित्राच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून, तिच्या कडा गुळगुळीत करून, ती नळी आणि सील यांच्यामध्ये अलगद सरकवावी. नळीभोवती एक फेरी घालून ती बाहेर काढली की तिच्याबरोबर काळी घाण येते. असे दोन-तीन वेळा करावे व प्रत्येक वेळी पट्टी पुसावी. पुष्कळदा गळती एवढ्यानेच थांबते. सुरी, पेचकस किंवा पत्रा मात्र तेथे कदापि घालू नये. सीलची कडा एकदा चिरली की ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

नळी पुसून झाली की तिच्यावरून नख फिरवावे. नख जेथे अडेल तेथे गंजाचा खड्डा किंवा दगडाचा ओरखडा आहे. ही नळी पोलादाची असून तिच्यावर क्रोमचा पातळ थर असतो. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर राहिली, किंवा नळीवर रबरी घड्यांचे आवरण असून त्यात पाणी साचले, तर गंज क्रोमला फोडून वर येतो. असा खड्डा म्हणजे कानसच. तो नवे सीलही थोड्याच दिवसांत कापून काढतो. उंचवटा बारीक असेल तर तेल लावून अतिशय मऊ धारदगडाने तो बसविता येतो. खड्डा सीलच्या वाटेतच खोल असेल, तर नळी बदलावी किंवा तिच्यावर कठीण क्रोमचा मुलामा देऊन ती घासून मापात आणून घ्यावी. आजार नळीला आणि औषध सीलला, असे उपचार आपण किती दिवस करणार?

तिसरी पायरी मोजण्याची. यासाठी फोर्क उतरावा लागतो. हे काम ज्यांना हातोटी आहे त्यांनी घरी करावे. इतरांनी कारागिराकडून करून घ्यावे, परंतु तो काय करतो ते समजून घ्यावे. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. गाडी भक्कम आधारावर उभी करून पुढचे चाक अधांतरी ठेवावे. नळी पकडीतून काढण्यापूर्वीच दोन गोष्टी कराव्यात. वरच्या पकडीचा बोल्ट सैल करून नळीच्या माथ्यावरचे झाकण किंचित ढिले करावे; नळी एकदा सुटी झाली म्हणजे ते फिरविताना ती हातात गरगरते. तसेच नळकांड्याच्या तळचा ॲलन बोल्टही स्प्रिंगचा दाब आत असतानाच किंचित सैल करावा. कारण तो दाब आतल्या दांड्याला धरून ठेवतो. दाब गेला की बोल्टाबरोबर दांडाही फिरतो आणि कारागीर घामाघूम होतो. त्यानंतर चाक, ब्रेक आणि मडगार्ड काढून, खालची पकड सैल करून, नळी पिळीत पिळीत खाली ओढावी.

माथ्यावरचे झाकण पूर्ण काढताना सावध असावे. त्याच्याखाली स्प्रिंग दबलेली असते. झाकणावर चिंधी धरावी, वरून दाब द्यावा, आणि तोंड त्याच्या रेषेत कदापि आणू नये. दोन्ही पायांतील तेल निरनिराळ्या भांड्यांत ओतून मोजावे. एकात जास्त, दुसऱ्यात कमी निघाले तर गाडी लंगडत होती असे समजावे. तेल करडे आणि चमकदार असेल तर धातू झिजतो आहे. दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी शिरले आहे. आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडावेत, आणि डावे-उजवे एकमेकांत मिसळू नयेत. सील काढण्यापूर्वी त्याच्यावरचे तारेचे लॉक काढण्यास विसरू नये. ते राहून गेले आणि सील जोराने उचकटले, तर नळकांड्याचे मऊ ॲल्युमिनियम फुटते. उचकटताना कडेवर लाकडाची चीप ठेवावी.

सर्व भाग रॉकेलने धुवावेत, दांड्याची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे, आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी कोरडे करावेत. मागे राहिलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते. धुताना जवळ विडी-काडी नको, हे सांगावयास नको. आता मोजमाप. स्प्रिंग मोकळी ठेवून तिची लांबी मोजावी आणि ती पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. मर्यादेहून आखूड असेल तर दोन्ही स्प्रिंगा बदलाव्यात. नळी काचेच्या सपाट तुकड्यावर हळूच लोळवावी. खाली फट दिसली की ती वाकलेली आहे, हे डोळ्यांनाच कळते. अचूक परीक्षा यंत्रशाळेत डायलच्या मापकाने होते. अनेक पुस्तिकांत ०.२ मिलिमीटर ही सीमा दिलेली आढळते. अपघातात वाकलेली नळी ठोकून सरळ करून देणारे भेटतात. सरळ झालेली ती नळी आतून दुबळी झालेली असू शकते, हे विसरू नये.

चौथी पायरी बदलण्याची व जोडण्याची. सील नेहमी जोडीने बदलावीत. एक गळाले म्हणजे दुसरेही त्याच वयाचे आहे. नव्या सीलच्या कडेला फोर्कचे तेल लावावे, नळीच्या धारदार तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळावी आणि तिच्यावरून सील उतरवावे. ते सर्व बाजूंनी सारखे बसावे म्हणून योग्य मापाच्या नळीने ठोकावे. मध्ये जुने सील ठेवले तर नव्याला इजा होत नाही. लॉक खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी. तळच्या बोल्टाखालचा तांब्याचा वायसर नवा घालावा. तो जुनाच घातला की वरची गळती थांबून खालची सुरू होते.

तेलाविषयी दोन शब्द. पुस्तिकेत जे तेल आणि जेवढे तेल सांगितले आहे तेच व तेवढेच घालावे. या गाड्यांना सामान्यतः दहा नंबरचे फोर्क ऑइल लागते. "जाड तेल घाला, गाडी कडक होईल" असा सल्ला मिळतो. परंतु जाड तेल भोकांतून वेळेवर निघत नाही, आणि लागोपाठ येणाऱ्या खड्ड्यांत चाकाला खाली उतरण्यास अवधीच मिळत नाही. प्रमाणाबाहेर तेल घातले तर वरची हवा अधिक दाबली जाऊन सीलवर ताण येतो. तेल घातल्यावर नळी हळूहळू वरखाली करून अडकलेली हवा काढावी, मग स्प्रिंग बाहेर ठेवून आणि नळी पूर्ण दाबून तेलाची पातळी पट्टीने मोजावी. दोन्ही पायांत ती सारखी हवी. काढलेले जुने तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

शेवटी नळ्या दोन्ही पकडींत एकाच उंचीवर बसवाव्यात. ॲक्सल घालून गाडी खाली घ्यावी, ब्रेक धरून फोर्क चार-सहा वेळा दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर येतात. त्यानंतरच नट-बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावेत. चाक मोकळे फिरते ना, ब्रेक लागतो ना, हे जागच्या जागी पाहूनच गाडी रस्त्यावर न्यावी. तेल लागलेले लायनर पुसून परत बसविण्याचा मोह टाळावा. चार पैसे वाचविण्याची ती जागा नव्हे.

हे सर्व किती वेळा करावयाचे? पुसणे दर आठवड्याला. त्याला चिंधी आणि पाच मिनिटे लागतात. हँडल दाबून पाहणे दर महिन्याला. तेल बदलणे पुस्तिकेप्रमाणे. आणि जुन्या गाडीची पुस्तिका हरवलेली असेल तर वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यासाठी मुहूर्त हवा असेल तर तो आपल्या पंचांगात आधीच आहे. पाऊस ओसरतो आणि खंडेनवमी येते. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गाडी धुऊन हँडलला झेंडूची माळ घालतो. चार महिन्यांचा चिखल नेमका त्याच सुमारास सीलच्या कडेवर वाळून बसलेला असतो. माळ घालण्यापूर्वी त्या माळेखालच्या दोन नळ्या पुसल्या आणि त्यांवरून नख फिरविले, तर ती पूजा पूर्ण झाली असे आम्ही म्हणू.

जाता जाता कारागिरांविषयी. आपल्या शहरांतील दुरुस्तीच्या दुकानांत कुशल माणसांची वाण नाही. परंतु गिऱ्हाईक घाई करते, पैसे तोडून देते आणि "गळती तेवढी थांबव" एवढेच सांगते. मग तोही तेवढेच करतो. यापुढे त्याला असे विचारावे : नळी सरळ आहे का? तिच्यावर खड्डा आहे का? दोन्हीकडे तेल मोजून घातलेस का? तांब्याचा वायसर बदललास का? जाणते गिऱ्हाईक समोर उभे राहिले की चांगल्या कारागिराला काम करावयास हुरूप येतो, आणि त्याच्या हाताखालचा पोरगाही मापाने काम करणे शिकतो. त्या मापावर रस्त्यात आडव्या आलेल्या मुलाचा जीव अवलंबून असतो आणि मागे बसलेल्या माणसाचाही. आजची सभा संपल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी आपण सर्वांनी एकदा खाली वाकून त्या दोन नळ्यांवर बोट फिरवावे, एवढीच आमची विनंती आहे. बोट कोरडे निघाले तर आनंद आहे. तेलकट निघाले, तर उद्याचे पहिले काम आपल्याला ठाऊक झाले.